वांगावरचे उपाय : जुने आणि नवे

दिवाळीच्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फुटते आणि बाया भल्या सकाळी वेचणीला निघतात. कमरेला ओटी, डोक्यावर पदर आणि दिवसभर तोंडावर ऊन. पस्तिशी उलटली की गालांवर, कपाळावर काळसर डाग उमटू लागतात. त्याला आपण वांग म्हणतो. पुरुषांची मान रापते, जाड होते, तिच्यावर भेगाळल्या जमिनीसारख्या रेघा पडतात. ‘ऊन लागलं, वय झालं,’ असे म्हणून आपण गप्प बसतो. परंतु हे डाग घालवण्याची खटपट माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. तिचा इतिहास आज सांगायचा आहे, कारण त्यातली एक चूक आपल्या गावच्या दुकानापर्यंत येऊन पोचली आहे.

वांग हा आजार नवा नाही, आणि शब्दही नवा नाही. सुश्रुतसंहितेतला ‘व्यंग’ तो हाच. क्रोधाने आणि श्रमाने वायू बिघडतो, पित्ताशी मिळून तोंडावर येतो आणि न दुखणारा, पातळ, काळसर डाग पाडतो, अशी त्याची मीमांसा तेथे केली आहे. आजचे शास्त्र कारण निराळे सांगते. पण श्रम करणाऱ्या माणसाशी या डागाचे नाते जुन्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात सहा ऋतूंचे सहा मुखलेप दिले. हेमंतात बोराच्या आठळीतला मगज आणि मोहरी, तर ग्रीष्मात कमळ, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. लेप वाळू देऊ नये, वाळलाच तर भिजवून काढावा, नाहीतर कांती बिघडते, असेही तो बजावतो. आणि लेप लावणाऱ्याने काय टाळावे, याच्या यादीत त्याने विस्तवाबरोबर ऊनही घातले आहे. हे शेवटचे पथ्य ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता युरोपात चला. जर्मनीतील हॅम्बुर्ग हे मोठे बंदर. तेथील त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल वगैरे द्रव्ये लावून कातडीचा वरचा थर सोलून काढण्याची रीत वर्णन केली. वरचा खराब थर गेला की खालून नवी कातडी येते, हे तिचे तत्त्व. आपल्याकडे दह्याने तोंड धुतात, तेही याच जातीचे. दह्यातले आम्ल सौम्य, एवढाच फरक. याच उन्नांनी १८९४ मध्ये खलाशांच्या कातडीचे वर्णन केले: वर्षानुवर्षे उघड्यावर राहून जाड, डागाळलेली आणि कधीकधी कर्करोगापर्यंत गेलेली. फ्रान्समध्ये बोर्दो येथील डॉ. द्युब्रई यांना द्राक्षमळ्यांतल्या मजुरांत हेच आढळले. म्हणजे ऊन कातडीला म्हातारी करते, हे शास्त्राला कळले ते खलाशी आणि शेतमजूर यांच्या तोंडाकडे पाहून.

पण उपाय मात्र सावलीत बसणाऱ्यांच्या वाट्याला आले. मुंबईत १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ निघाले. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातला गोरेपणा गेला. डाग घालवणे आणि गोरे होणे या दोन गोष्टींची बाजारात अशी सरमिसळ झाली.

१९७५ मध्येच अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी एक मलम सुचविले. त्यात तीन औषधे होती: रंग उतरवणारे हायड्रोक्विनोन, ‘अ’ जीवनसत्त्वापासूनचे ट्रेटिनॉइन आणि दाह दाबणारे स्टेरॉइड. १९८६ मध्ये त्यांनीच दाखविले, की ट्रेटिनॉइन महिनोन्‌महिने लावल्यास उन्हाने बिघडलेली कातडी काही अंशी सुधारते. हे खरेच मोठे काम. पण तीन औषधांचे ते मलम डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरते वापरायचे. आपल्याकडे तसल्या नळ्या चिठ्ठीवाचून विकल्या जाऊ लागल्या.

राळेगावकडे माझी एक मामेबहीण असते. मुलीच्या लग्नाआधी तिने अशी नळी आणली. पहिला महिना चेहरा उजळला. बायका विचारू लागल्या, काय लावतेस बाई? तिने मलम चालूच ठेवले. पुढे गाल लाल झाले, बारीक शिरा दिसू लागल्या, लव वाढली. मलम थांबवले की आग होई, लावले की बरे वाटे. त्या हंगामात तिला उन्हात उभे राहवेना. वेचणीची मजुरी बुडाली. स्टेरॉइडने कातडी पातळ होते ती अशी. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण कायदा दुकानात पोचायला वेळ लागतो.

तुम्ही म्हणाल, मग शहरातले उपचार घ्यावे काय? आम्लाने सोलणे आहे, लेझर आहे. जाणत्या हाताने गुण येतो. मात्र आपल्या सावळ्या कातडीला जास्त भाजले, तर जुन्या डागाच्या जागी अधिक काळा डाग उमटतो. आणि उपचारानंतर कित्येक आठवडे ऊन टाळावेच लागते. वाग्भटाचे पथ्य आजही सुटलेले नाही. वेचणीच्या बाईने ते कसे पाळावे?

म्हणून पहिला उपाय सावलीचा. निंदण-वेचणी शक्य तेवढी सकाळी उरकावी, दुपारचे ऊन टाळावे. रुंद काठाची टोपी घालावी, दुपट्टा कानामानेवरून घ्यावा. जमल्यास ऊनरोधक मलम लावावे. वांगाला औषध हवेच असेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवावे. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कोणतेही मलम न लावता लगेच दाखवावे. तो कुष्ठरोग असू शकतो आणि औषधाने तो बरा होतो. न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ असली तरीही थांबू नये.

गुरुजी, एवढे वर्गात जरूर सांगा. आणि हेही सांगा, की आईच्या गालावरचा वांग उन्हातल्या कष्टाचा आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिला नळी आणून देण्याआधी एक मोठा दुपट्टा आणून द्या.