मशिदीच्या उत्पन्नातला सरकारी वाटा : वरळीचा की पाणचक्कीचा?

जुम्म्याला गल्ल्यात पडलेल्या चंद्यावर सरकार टॅक्स घेतं का? परळ, लालबाग, दादर, गिरगाव, कुठल्याही मशिदीच्या कमिटीत हा प्रश्न निघतोच. पूर्णपणे धार्मिक ट्रस्टला आलेल्या बेनामी दानावर आयकर कायद्यातला 30 टक्क्यांचा विशेष कर लागत नाही. मात्र ट्रस्टचं आयकर खात्याकडे रजिस्ट्रेशन हवं आणि हिशेब चोख हवा. तोच गल्ला ट्रस्टच्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या नावाने फिरवला, तर ही सूट धरून चालू नये.

खरी गुंतागुंत आयकराची नाही. ती आहे देखरेखीसाठी द्यायच्या वर्गणीची.

मुंबई राज्याने 1950 मध्ये सर्व धर्मांच्या सार्वजनिक ट्रस्टसाठी एकच कायदा केला. गिरगावातलं देऊळ, फोर्टमधली अग्यारी, दादरचं चर्च आणि आपली मशीद, सगळ्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे. हे कार्यालय वरळीला आहे. मुस्लिम ट्रस्टच्या नोंदणी क्रमांकाआधी 'बी' हे अक्षर असतं. लालबागचं गणेश मंडळही वर्गणी गोळा करताना याच कायद्याखाली येतं. कायद्याच्या कलम 58 प्रमाणे ट्रस्टने उत्पन्नातून वर्गणी द्यायची होती. तिचा दर पुढे 2 टक्के राहिला.

हा धर्मावरचा कर आहे, असं म्हणत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सुप्रीम कोर्टात गेले. मार्च 1954 मध्ये निकाल लागला. ही रक्कम वेगळ्या निधीत जमा होते आणि ट्रस्टच्या देखरेखीवरच खर्च होते, म्हणून ती कर नसून फी आहे, असं कोर्टाने ठरवलं. त्याच महिन्यात शिरूर मठाच्या खटल्यात मद्रासच्या कायद्यातली तशीच वर्गणी 'कर' ठरून रद्द झाली होती! फरक इतकाच, की तिथे पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात होता. मुंबईच्या निकालात काही कलमं मात्र उडाली. एका धार्मिक कामाचा पैसा दुसऱ्याच कामाकडे वळवायचा अधिकार सरकारला तसा मिळणार नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. आपण आजही ज्या संरक्षणावर अवलंबून आहोत ते जैन आणि पारशी बांधवांनी लढून मिळवलेलं आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पुढे 2009 मध्ये हायकोर्टाने 2 टक्के वसुलीला अंतरिम आदेशाने अटकाव केला. त्यामुळे वरळीहून मागणीपत्र आलं, तर आधी ऑडिटरला दाखवावं.

आता वक्फ. 1995 च्या वक्फ कायद्याखाली महाराष्ट्र वक्फ बोर्ड जानेवारी 2002 मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्यालय औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत. कलम 72 प्रमाणे मुतवल्लीने निव्वळ वार्षिक उत्पन्नाच्या 7 टक्क्यांपर्यंत वर्गणी बोर्डाला द्यायची. 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 5 टक्क्यांवर आली. उत्पन्नात भाड्याबरोबर नजर-नियाजही मोजतात. मूळ निधीत भर म्हणून दिलेली देणगी मात्र मोजत नाहीत. म्हणून अशा देणगीची पावती वेगळी फाडायची आणि कशासाठी दिली ते तिच्यावर लिहायचं. अनेक कमिट्या हे करत नाहीत आणि मग विनाकारण जास्त भरतात.

पण ट्रस्ट वरळीचा की पाणचक्कीचा? 2011 मध्ये हायकोर्टाने बोर्डाची स्थापनाच रद्दबातल ठरवली. ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला. मात्र मुसलमानाने केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही, हेही स्पष्ट केलं. वक्फमध्ये मालकी अल्लाहकडे जाते आणि ती परत फिरत नाही. ट्रस्टच्या डीडमध्ये तसं असेलच असं नाही. 2025 च्या दुरुस्तीत तर इतर कायद्याखालच्या मुस्लिम ट्रस्टना वक्फ कायद्यातून वगळणारं कलमच आलं. काहींना ही सुटका वाटते. आमच्या मते त्यात धोकाही आहे, कारण विकता न येणाऱ्या वक्फ जमिनीचं संरक्षण ट्रस्टला तितकं मिळत नाही. चाळी जाऊन टॉवर उभे राहणाऱ्या परळ-लालबागमध्ये हा फरक कागदावरचा राहत नाही.

सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टाने काही तरतुदी थांबवल्या, पण नोंदणीची अट थांबवली नाही. उमीद पोर्टलची सहा महिन्यांची मुदत डिसेंबरमध्ये संपली. ज्यांची नोंद राहिली त्यांच्यासाठी वाट वक्फ ट्रिब्युनलची आहे.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. फक्त इबादतीसाठी वापरलेल्या इमारतीला महापालिकेच्या 1888 च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण मालमत्ता कर माफ आहे. पाणीपट्टी माफ नाही, आणि खालच्या मजल्यावर भाड्याने दिलेल्या दुकानांना ही माफी नाही. रजिस्टर्ड ट्रस्टच्या आवारातला हॉल निकाहसाठी दिला, तर दिवसाचं भाडं 10,000 रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही. दुकानासाठी हीच मर्यादा महिन्याची आहे.

कमिटीने आधी कपाटातली दोन कागदं शोधावीत: मूळ वक्फनामा किंवा ट्रस्ट डीड, आणि 'बी' नोंदणीचा दाखला. वक्फनामा सापडला आणि नाव फक्त वरळीच्या रजिस्टरवर असलं, तर सही-शिक्क्याच्या नकला काढून वकिलाकडे जायला उशीर करू नये.