विषुव : चिंचवडची चार अंगुळे

१/ २१ मार्चच्या सुमारास चिंचवड किंवा चाकण येथे सपाट जमिनीवर बारा अंगुळे उंचीची काठी ओळंब्यात उभी केली, तर मध्यान्ही तिची सावली जवळजवळ चार अंगुळे भरते. २३ सप्टेंबरच्या सुमारासही तेवढीच. या सावलीला जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘पलभा’ किंवा ‘विषुवच्छाया’ म्हणतात, आणि त्या दिवसाला ‘विषुवदिन’.

२/ मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हे; सावली सर्वांत आखूड होते तो क्षण. प्रमाणवेळ ८२॥ रेखांशाची असल्याने येथे तो मार्चमध्ये १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास येतो.

३/ ‘विषुव’ या शब्दात दोन्ही बाजू सारख्या असण्याचा भाव आहे. वैदिक वाङ्मयात वर्षभर चालणाऱ्या सत्राच्या मधल्या दिवसाला ‘विषुवान्’ म्हणत. ज्योतिषात तो शब्द दिवस व रात्र समान असण्याच्या काळासाठी स्थिरावला.

४/ ‘संपात’ हा त्याच घटनेचा भौमितिक शब्द. सूर्याचा आकाशातील भासमान मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. ते विषुववृत्ताला जेथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे संपात. सूर्य मार्चमध्ये वसंतसंपाती व सप्टेंबरमध्ये शरत्संपाती येतो. विषुव हा काळ, संपात हा बिंदू.

५/ चार अंगुळांचा उपयोग काय? पलभेला अनुक्रमे १०, ८ व ३⅓ यांनी गुणले की ‘चरखंडे’ मिळतात. येथे ती ४०, ३२ व १३⅓. बेरीज सुमारे ८५ पळे, म्हणजे ३४ मिनिटे. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य विषुवदिनापेक्षा एवढा आधी उगवतो व तेवढाच उशिरा मावळतो. गावाची पलभा कळली की पंचांगकर्त्याला त्या गावचे दिनमान काढता येई.

६/ हे गणित महाराष्ट्रात रुजवणारा ग्रंथ म्हणजे ‘ग्रहलाघव’. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचला. पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगे त्यावरून होत.

७/ मात्र संपात स्थिर नाही. पृथ्वीच्या अक्षाची दिशा मंदगतीने फिरते, म्हणून संपात ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. ताऱ्यांना बांधलेला राशिचक्राचा आरंभ आणि संपात यांतील अंतर म्हणजे ‘अयनांश’. यामुळेच मेष संक्रांत आज विषुवदिनी न येता १३-१४ एप्रिलला येते.

८/ ग्रहलाघवाचा नियम सुटसुटीत आहे : शकातून ४४४ वजा करून ६० ने भागावे, की अयनांश मिळतात. म्हणजे वर्षाला एक कला. खरी गती सुमारे ५०.३ विकला, वर्षाचा फरक दहा विकलांहूनही कमी, पण शतकांनी तो साचत जातो.

९/ एकोणिसाव्या शतकात वाद पेटला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ पासून काढलेल्या पटवर्धनी पंचांगात रेवतीच्या ताऱ्यापासून राशिचक्र धरले. लोकमान्य टिळकांनी हाच पक्ष उचलून धरला. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे. विसाजी रघुनाथ लेले व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे म्हणणे, आरंभ प्रत्यक्ष संपातापासूनच धरावा.

१०/ रेवती व चित्रा या पक्षांत अंतर सुमारे चार अंशांचे. टिळक पंचांगात मकरसंक्रांत म्हणूनच १० जानेवारीच्या सुमारास येते. तिथीला यामुळे बाध येत नाही; ती चंद्र व सूर्य यांतील अंतरावर ठरते. पण ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिकमास. संक्रांत चार दिवस हलली, तर अधिकमास कधीकधी बदलतो आणि सण महिनाभर पुढेमागे होतात.

११/ चिंचवडहून मोरया गोसावींच्या परंपरेची पालखी मोरगावला भाद्रपदात व माघात जाते. चतुर्थी कोणती, याबद्दल दोन्ही पक्षांचे एकमत होईल. अधिकमास निराळा आला, तर भाद्रपद कोणता, याबद्दल होणार नाही. अयनांशाचा वाद असा थेट उंबरठ्यावर येतो.

१२/ १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली; पुण्याचे ज. स. करंदीकर व नागपूरचे के. ल. दफ्तरी तिचे सदस्य होते. तिच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून सुरू झाली. तिचे वर्ष विषुवदिनाच्या दुसऱ्या दिवशी आरंभते. धार्मिक सणांसाठी मात्र समितीने संपातापासून २३ अंश १५ कला पुढचा बिंदू धरला.

१३/ म्हणजे राज्यकारभाराचे वर्ष विषुवाला बांधलेले, तर सणांचे वर्ष ताऱ्यांच्या हिशेबाने आखलेले. दोहोंतील फट बुजलेली नाही. अयनांश किती, यावर पक्ष पडतात. विषुवदिनाच्या सावलीवर पडत नाहीत. बारा अंगुळांच्या काठीला चिंचवडात त्या मध्यान्ही चारच अंगुळांची सावली पडते.