पोप अँड यंग क्लब : धनुष्याच्या हंगामाची राखण

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांवर एक आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जाई. बाणाने मोठं जनावर नीट मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडत राहतं, असा तो आक्षेप होता. तो गंभीरही होता, कारण राज्यांच्या वन्यजीव खात्यांना तो पटला असता तर धनुष्यबाणासाठी वेगळा हंगाम मागायला तोंडच उरलं नसतं. विस्कॉन्सिनने १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत फक्त धनुष्यबाणाचा हरणांचा हंगाम घेऊन वाट पाडली होती. इतरत्र मात्र पुरावा दाखवावा लागत होता.

तो पुरावा गोळा करायचं काम सिएटलच्या ग्लेन सेंट चार्ल्स यांनी अंगावर घेतलं. ते स्वतः धनुष्यं घडवत आणि विकत. नॅशनल फील्ड आर्चरी असोसिएशनच्या आश्रयाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस धनुष्याने केलेल्या शिकारीच्या नोंदी घेणं सुरू झालं आणि १९६१ साली त्यातून पोप अँड यंग क्लब स्वतंत्रपणे उभा राहिला. शिंगं मोजण्याची पद्धत १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची घेतली. नोंदवहीचा हेतू बढाईचा नव्हता. हे हत्यार दुबळं आहे तरी पुरेसं आहे, हे सरकारदरबारी सिद्ध करायचं होतं. वेगळ्या हंगामाचा सगळा युक्तिवाद या दोन शब्दांवर उभा होता. दुबळं असल्यामुळे शिकार कमी होते, म्हणून दिवस जास्त द्या. पुरेसं असल्यामुळे जनावराचे हाल होत नाहीत, म्हणून परवानगी द्या. आजच्या प्रत्येक वादाचं मूळ इथे आहे.

क्लबला नाव मिळालं ते डॉ. सॅक्स्टन पोप आणि त्यांचे शिकारीतले सोबती आर्थर यंग यांचं. पोप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक होते. त्यांना धनुष्य शिकवलं ते इशीने. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी लोकांच्या कत्तली केल्या, त्यांतून वाचलेला हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिलजवळ एकटा सापडला. पुढची वर्षं त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात काढली आणि १९१६ साली क्षयाने तो गेला. या परंपरेचा गुरू तो, आणि क्लबच्या नावात शिष्य आहे, गुरू नाही. मला ही उणीव फार खुपते.

इशीची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावी. तो बाटलीच्या काचेतून बाणांची सुरेख टोकं घडवत असे, म्हणजे परक्यांच्या वस्तीतून आलेली वस्तू त्याला वर्ज्य नव्हती. पोप आणि यंग यांनीही त्याचं आखूड धनुष्य जसंच्या तसं उचललं नाही. ते इंग्लिश घाटाच्या लाँगबोकडे आणि पोलादी टोकांकडे वळले, आणि १९२० साली त्यांनी यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलं बाणांनी मारली. तेव्हा ‘आदिम हत्यार’ म्हणजे जुनं साहित्य, हा अर्थ मूळ पुरुषांनीच मानला नव्हता. त्यांनी जपलं ते जनावराजवळ जाण्याचं बंधन. वारा ओळखायचा, पाऊल दाबून टाकायचं, आणि सुचेल तेव्हा नव्हे तर हाताला झेपेल तेव्हा बाण सोडायचा. काच असो वा पोलाद, या बंधनाला धक्का लागला नाही.

धक्का दिला तो कंपाउंड बोने. मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. ६० पौंडांचा लाँगबो पूर्ण ताणला की बोटांवर तो सगळा भार येतो, हात थरथरू लागतो. कंपाउंड बोमध्ये, म्हणजे चाकं बसवलेल्या धनुष्यात, ताण पूर्ण होताच भार उतरतो. ६५ टक्के उतरला तर २१ पौंड हातात राहतात, ८० टक्के उतरला तर १२च. मग शिकारी ताणलेलं धनुष्य धरून जनावर वळायची वाट पाहू शकतो. क्लबने कंपाउंड बो स्वीकारला, पण भार ६५ टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर नोंद घ्यायची नाही, अशी सीमा घातली. बाजारात त्यापुढची धनुष्यं सर्रास झाली आणि २००४ पासून तीही नोंदली जाऊ लागली, फक्त नावापुढे तारांकन देऊन. ही माघार होती, असंच माझं मत आहे. निदान तारांकनामुळे ती उघड्यावर झाली.

धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारं काहीही जोडायचं नाही, हा दुसरा नियम. २०१४ मध्ये क्लबने त्यातून दोन गोष्टी वगळल्या: बाणाच्या मागच्या खाचेत पेटणारा दिवा आणि धनुष्यावरचा कॅमेरा. हा निर्णय मला मनापासून पटतो. दिवा लागतो बाण सुटल्यावर. तो नेम सुधारत नाही, अंतर वाढवत नाही. बाण कुठे लागला, कुठे पडला, हे कळायला त्याची मदत होते, आणि जखमी जनावर शोधणं हे तर शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य. अवजार बाण सुटण्याआधी काम करतं की सुटल्यावर, एवढं विचारलं तरी निम्मे वाद मिटावेत.

बंदुकीच्या बाजूला हीच ओढाताण आहे. पेनसिल्व्हेनियाने १९७४ साली गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या फ्लिंटलॉक बंदुकांचा हंगाम सुरू केला. पुढे सोप्या, आधुनिक ठासणीच्या बंदुकांसाठी ऑक्टोबरात वेगळे दिवस दिले. जुन्याच्या हंगामात नवं घुसवण्यापेक्षा हा मार्ग सरळ वाटतो.

पैशाचाही प्रश्न आहे. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीची दारं बंद होत गेली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने धनुष्यबाणाच्या साहित्यावर कर बसवून तो वन्यजीव रक्षणाकडे वळवला. म्हणजे नवं, महागडं धनुष्य विकलं गेलं की रानालाही काही मिळतं. नव्या साहित्याचे समर्थक हे सांगतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. पण कर विक्रीवर आहे, हंगामावर नाही. तेच धनुष्य सर्वसाधारण हंगामातही चालवता येतं.

क्रॉसबोपाशी मात्र क्लब अडून राहिला. त्याची दोरी यंत्रात अडकवून ठेवता येते, खांद्याला टेकवून घोडा दाबला की बाण सुटतो. पेनसिल्व्हेनियाने २००९ साली तो धनुष्याच्या हंगामात सर्वांना खुला केला. क्लबच्या व्याख्येत तो धनुष्यच नाही. हात अधू असलेल्या शिकाऱ्याला राज्याने जरूर सवलत द्यावी. धडधाकट माणसाला तो हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळे दिवस मागावेत, आणि ते मागण्यात क्लबनेच पुढाकार घ्यावा.