एकाच पाटावरचे

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उंबरा असतो, चौकट असते, कवाड नसतं. आडोशाला फार तर पडदा. पण याच भागात पाटाला पाणी सुटलं, की माणसं रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन ‘दारं धरायला’ निघतात. पाटातून चारीत आणि चारीतून सरीत पाणी घ्यायचं, एक सरी भरली की तिचं तोंड फावड्यानं बुजवायचं आणि पुढचीचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. घर सताड उघडं टाकून निजणारा माणूस पाण्याच्या दारापाशी मात्र डोळ्यांत तेल घालून जागा राहतो. मुळा धरणाचा उजवा कालवा नेवासे तालुक्यात येतो. आवर्तन कधी सुटणार, पाळी कुणाची, टेलच्या रानापर्यंत पाणी पोचणार का, या प्रश्नांवर इथं शब्दाला शब्द लागतो, आणि तो बहुधा बांधाला बांध असलेल्यांतच लागतो.

मागे शिंगणापूरला गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात पोरं फुटबॉल खेळताना दिसली. चार दगड मांडून दोन गोल केले होते. मनात आलं, फुटबॉलचा गोल म्हणजे शिंगणापूरचं घरच: चौकट आहे, कवाड नाही. आणि त्या चौकटीत उभा राहिलेला पोरगा म्हणजे दारं धरणारा. त्या एका विचारानं एका परक्या शब्दाची गाठ सुटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

तो शब्द म्हणजे ‘रायव्हल’. फुटबॉलच्या बातम्यांत तो आता मराठीतही सर्रास येतो. एकाच शहरातले दोन क्लब भिडणार असले की ‘रायव्हलरी’ आणि ‘डर्बी’ हे दोन शब्द ठरलेले. डर्बी मुळात गावाचं नाव. तिथल्या अर्लच्या नावानं 1780 मध्ये घोड्यांची एक शर्यत सुरू झाली आणि पुढे तो शब्द चुरशीच्या लढतींना चिकटला. त्याच्या पोटात याहून फार काही नाही. रायव्हलच्या पोटात मात्र अख्खा पाट वाहतो आहे.

लॅटिनमध्ये ‘रिवुस’ म्हणजे ओढा, पाण्याचा पाट. ‘रिवालिस’ म्हणजे त्याच पाटाचं पाणी घेणारा दुसरा माणूस. (इंग्रजी ‘रिव्हर’ याच घरातला वाटतो, पण तो ‘रिपा’ म्हणजे काठ या शब्दावरून आला आहे.) सम्राट जस्टिनियननं 533 मध्ये रोमन कायद्याचं जे मोठं संकलन जारी केलं, त्यात हा शब्द याच साध्या अर्थानं येतो: एका पाटावर पाणी भरणारे. त्यांच्यात तंटा झाला तर काय करावं, याचा तिथं विचार आहे. त्याच्या कितीतरी आधी प्लाउटुस या नाटककारानं तो प्रेमाच्या मामल्यात वापरला होता, एकाच स्त्रीवर जीव जडलेल्या दोघांसाठी. तिथून तो युरोपभर गेला आणि वाटेत त्याचं पाणी आटलं. आज आपण रायव्हल म्हणतो तेव्हा समोरचा माणूस दिसतो. मधला पाट दिसत नाही.

आपल्याकडचे शब्द पाहिले, तर तेही याच वाटेनं आलेले दिसतात. संस्कृतात शत्रूला ‘सपत्न’ म्हणतात. हा शब्द ‘सपत्नी’वरून मागे वळून तयार झाला आहे. सपत्नी म्हणजे जिचा नवरा तोच आहे अशी दुसरी स्त्री, म्हणजे आपली सवत. सवतीवरून शत्रूचं नाव पडलं! दुसरा शब्द ‘दायाद’: दाय म्हणजे वारसाहक्कानं येणारं धन आणि त्यात वाटा घेणारा तो दायाद. तिसरा शब्द तर घरोघरचा, ‘भाऊबंदकी’. यात भाऊही आहे आणि बंधूही आहे, तरी शब्द भांडणाचा. रोमन शेतकऱ्याला पाटावर जे दिसलं, ते आपल्या लोकांना माजघरात आणि बांधावर दिसलं. काहीतरी सामाईक असल्याशिवाय माणूस इतक्या जिवावर उदार होऊन भांडत नाही. अनोळखी माणसाशी आपलं भांडण होतं आणि मिटतं. चुरस लागते ती वाटेकऱ्याशीच.

हे ध्यानात घेऊन कोल्हापूरला जावं. एकाच शहरातल्या फुटबॉल क्लबांची चुरस मराठी मुलखात खरी पाहायची तर ती तिथंच. शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावं तिथल्या माणसाला पाढ्यांसारखी पाठ असतात. आणि या सगळ्यांत मानाचं एक नाव आहे ‘पाटाकडील तालीम मंडळ’. पाटाकडील, म्हणजे पाटाच्या बाजूचे. लॅटिन जाणणाऱ्याला ‘रिवालिस’चं मराठी करायला सांगितलं, तर तो याहून जवळचा शब्द कुठून आणील? हा योगायोग आहे, हे मला कळतं. पण काही योगायोग अर्थ समोर आणून ठेवतात, आणि ते जपून ठेवावेसे वाटतात.

‘तालीम’ हा शब्दही उलगडून पाहण्यासारखा आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ शिकवणं. इल्म म्हणजे विद्या, तोही याच धातूचा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीनं तो आखाड्यात नेला: जिथं कुस्ती शिकवतात ती तालीम. मग नाटकवाल्यांनी उचलला: प्रयोगाआधी घटवून घेतात ती तालीम. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय होता. 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, त्याच्या मागे या तालमींचं बळ होतं. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी लाल मातीतून बाहेर पडून चेंडूला पाय लावला. म्हणून कोल्हापुरात क्लबला आजही तालीम म्हणतात. त्या नावात शिकण्याची अट आहे. हरलेल्यानं पुन्हा येऊन शिकायचं, ही ती अट.

या तालमी पेठांच्या, आणि पेठ हा शब्दही तसाच जमिनीत रुजलेला. कन्नडात पेटे, तमिळमध्ये पेट्टै. कोल्हापूर कानडी मुलखाच्या वेशीवर असल्यानं तिथं तो परका वाटतच नाही. चेंडूही कन्नडशी सामाईक आहे. कन्नडात चेंडु म्हणजे चेंडू आणि झेंडूच्या फुलाला चेंडु हू. म्हणजे पेठ आणि चेंडू या दोन शब्दांतही आपण शेजाऱ्याबरोबर एकाच पाटावर आहोत.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला, की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तिथल्या बोलीत एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘ईर्षा’. ‘पोरं ईर्षेनं खेळली.’ ‘ईर्षेला पेटला गडी.’ हे कौतुकाचं बोलणं आहे. संस्कृतातली ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं, निखळ मत्सर. मराठीनं त्या शब्दाला मैदानात उतरवलं आणि त्याची जिद्द केली. एका भाषेनं दुसऱ्या भाषेतला दुर्गुण घेऊन त्याचा गुण करावा, ही लहान गोष्ट नाही. उलटा प्रवास ‘वैर’चा. तो ‘वीर’पासून निघाला. मुळात वीराचं जे काही ते वैर. पुढे पराक्रम गळून गेला आणि शत्रुत्व तेवढं उरलं. ईर्षा मत्सरातून जिद्दीकडे चढली, वैर वीरतेतून द्वेषाकडे उतरलं. कोल्हापूरच्या फुटबॉलचं पुढे काय होणार, हा प्रश्न मला या दोन शब्दांच्या मधोमध उभा दिसतो. सामन्यानंतर दगड उडतात, पोलिसांना मध्ये पडावं लागतं, स्पर्धा थांबते, तेव्हा ईर्षेचं वैर झालेलं असतं. आणि याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळतो, तेव्हा ईर्षेचं पीक हाती आलेलं असतं.

पण नुसतं वैर टळलं म्हणजे क्लब टिकतात असं नाही. पुण्याचं उदाहरण मनाला लागून राहिलं आहे. 2014-15 च्या आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत पुण्याचे दोन संघ होते, पुणे एफसी आणि भारत एफसी. बालेवाडीच्या मैदानावर शहराची स्वतःची लढत सुरू झाली होती. तो हंगाम संपला आणि 2015 मध्ये दोन्ही संघ मिटले. डीएसके शिवाजीयन्स आले आणि 2017 मध्ये लीगमधून गेले. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधला पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. खेळाडू चांगले होते, व्यवस्था चांगली होती, पैसा होता. तो पैसा मात्र टँकरच्या पाण्यासारखा होता. टँकर येतो तेव्हा तहान भागते. यायचा बंद झाला की हंडा पालथा. पाटाचं पाणी कमी-जास्त होतं, गढूळ होतं, त्यावरून डोकी फुटतात, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात. पेठेचा क्लब आणि कंपनीचा क्लब यांत हा फरक आहे. म्हणून कोल्हापूरच्या तालमींना पैसा हवा, चांगलं मैदान हवं, शिकवणारे हवेत. पण पेठ सोडून यातलं काहीही त्यांना तारणार नाही.

हा पाट इतर शहरांतही आहे. कोलकात्यात मोहन बागान 1889 चा आणि ईस्ट बंगाल 1920 चा. या दोघांच्या सामन्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर दंगल होऊन 16 प्रेक्षक मेले. आणि याच दोघांचा 18 ऑगस्ट 2024 चा सामना रद्द झाला, तेव्हा अत्याचार होऊन मारल्या गेलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून दोन्हीकडचे समर्थक, दोन्ही रंगांचे झेंडे घेऊन, स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. 1980 मध्ये जो पाट कुणाला दिसला नव्हता, तो त्या दिवशी सगळ्यांना दिसला. मिलानमध्येही 1899 च्या क्लबातून 1908 मध्ये काही जण फुटून बाहेर पडले आणि इंटर उभा राहिला. शुद्ध भाऊबंदकी! तरी 1947 पासून दोघे एकाच सान सिरो मैदानावर खेळतात. नवं मैदानही दोघांनी मिळूनच बांधायचं ठरवलं आहे. वाटणी झाली, पण विहीर सामाईक राहिली.

शेवटी पुन्हा ‘पाट’ या शब्दापाशी येतो. मराठीत ‘पाटपाणी’ दोन प्रकारे म्हणतात. शेतात म्हणाल तर कालव्याचं पाणी, ज्यावरून तंटे होतात. घरात म्हणाल तर जेवणाआधी मांडलेले पाट आणि भरलेले तांबे-भांडी, ज्यावर सगळे एका ओळीत बसतात. हे दोन्ही पाट मला एकाच जोडीचे वाटतात. दारं धरताना पाळीवरून हमरीतुमरीवर आलेले दोघे शेतकरी, रात्री पाट फुटल्याची हाक आली, की आपापलं फावडं घेऊन एकाच ठिकाणी धावतात. कारण फुटलेला पाट दोघांचंही रान कोरडं ठेवतो. पाटाकडील नसतील, तर दिलबहारनं हरवायचं कुणाला?