उजवा हात गुंतलेला, म्हणून घड्याळ डाव्याला

घड्याळ डाव्याच मनगटावर का, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. खिशातल्या साध्या घड्याळाची चावी बाराच्या आकड्यावर असे. झाकणाच्या घड्याळात मात्र ती तीनच्या बाजूला असे. मनगटी घड्याळाने ही दुसरी मांडणी उचलली. डाव्या मनगटावर तीनचा आकडा पंजाकडे येतो आणि उजव्या हाताची चिमूट चावीपर्यंत सहज पोचते. तेच घड्याळ उजव्या मनगटावर बांधले, तर चावी कोपराकडे वळून बाहीत शिरते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात सैनिकांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटाला बांधली, १९०४ साली पॅरिसच्या कार्तिएने सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ घडवले, आणि तोवर बायकांचा दागिना मानली गेलेली ही वस्तू पहिल्या महायुद्धाने पुरुषांच्या हाती दिली. पण १९६९ साली जपानच्या सैकोने क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले, पुढे आपल्याकडे टायटन आले, आणि रोज चावी द्यायची गरजच संपली. कारण संपले, तरी घड्याळाचा हात बदलला नाही. सवय म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण एवढी घट्ट सवय बहुधा दुसऱ्या कशाच्या तरी आधारावर उभी असते. तो आधार शोधायचा, तर धाराशिव जिल्ह्यासारखा मुलूख बघावा. इथे मनगटी घड्याळ उशिरा आले, आणि ते आले तेव्हा माणसांची मनगटे मोकळी नव्हती.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद हे त्याचे आधीचे नावही शेवटच्या निजामाचे, मीर उस्मान अलींचे. मिनिटांचा हिशेब इथे आणला तो रेल्वेने. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत धावली आणि १९११ मध्ये येडशी-ढोकीवरून लातूरला पोचली. गाडीची वेळ घड्याळावर चाले, पण ती घड्याळे स्टेशनातली आणि गार्डच्या खिशातली. शेतकऱ्याच्या घरात मनगटी घड्याळ शिरायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. १९६१ साली बंगळुरूला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि ‘जनता’सारखी चावीची घड्याळे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. हुंडाबंदीचा कायदाही त्याच १९६१ सालचा. तरीही पुढची कितीतरी वर्षे मराठवाड्यात सुपारी फुटताना लग्नाच्या यादीत अंगठी आणि सायकलीच्या शेजारी घड्याळ मांडले जात होते. मुलीच्या बापाने कर्ज काढून द्यायची ती वस्तू होती, आणि तिची कुळकथा सांगताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही.

घड्याळ लग्नातून आले, ही गोष्ट हाताच्या प्रश्नात कळीची आहे. हळदीच्या नवरदेवाच्या उजव्या मनगटाला दोऱ्यात ओवलेले हळकुंड बांधलेले असते. ते कंकण. ते सुटेपर्यंत त्या मनगटावर दुसऱ्या कशाला जागा नाही. आयुष्यातले पहिले घड्याळ ज्याला त्या मांडवात मिळाले, त्याने ते कोणत्या हातात घालायचे हे चावीने ठरवायच्या आधीच हळकुंडाने ठरवले होते. आणि हे एका दिवसापुरते नव्हते. तुळजापुरात अभिषेकाला बसले की पुजारी दोरा बांधतात तो पुरुषाच्या उजव्याच मनगटाला. राखी उजव्याच हाताला. पळी डाव्या हातात धरून आचमनाचे पाणी उजव्या तळहातावर घ्यायचे, संकल्पाचे पाणी उजव्याच हाताने सोडायचे, तीर्थही उजव्याच तळहातावर. पाणी शिरले की बिघडणारे घड्याळ या हातावर टिकणार कसे?

पूजा रोज नसते, जेवण रोज असते. ज्वारीची भाकरी ताटात कुस्करून तिच्यावर काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा ओतायचा आणि बोटांनी कालवून घ्यायचे, हे या भागातले जेवण नुसत्या बोटांच्या टोकांनी होत नाही. रस्सा बोटांच्या पेरांवरून तळहातावर येतो, पातळ असला तर मनगटाकडे ओघळतो. डावा हात ताटाला लागत नाही. तो पाण्याच्या तांब्यासाठी राखलेला असतो. आचमन, तीर्थ, कंकण आणि कालवण ही चारही कामे उजव्याकडे गेल्यावर मनगटी घड्याळाला एकच जागा उरते. माझे म्हणणे एवढेच, की चावीने घड्याळ डाव्या हातावर आणले असेल, पण आपल्याकडे त्याला तिथे टिकवले ते उजव्या हाताच्या कामांनी.

यावर पहिला आक्षेप असा, की ही साधी साहेबाची नक्कल आहे. नक्कल झाली हे खरे. पण साहेब काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात धरून जेवत होता. त्याच्या ताटापाशी दोन्ही मनगटे सारखीच कोरडी. आपण त्याचे घड्याळ घेतले, काटा घेतला नाही. जी गोष्ट आपल्या हातांच्या वाटणीत बसली तीच टिकली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जगभर उजखुरी माणसे घड्याळ डाव्याच हातात घालतात, मग हळकुंड आणि रश्श्याचे वेगळे महत्त्व ते काय? उत्तर हाताच्या रीतीत नसून तिच्या कडकपणात आहे. पाश्चात्त्य देशांत डावखुरा माणूस डाव्याने लिहितो, डाव्याने जेवतो आणि घड्याळ खुशाल उजव्या हातात घालतो. आपल्याकडे डावखुऱ्या मुलालाही घास उजव्या हातानेच घ्यायला शिकवले जाते, आणि प्रसादासाठी त्याने डावा हात पुढे केला तर घरातले मोठे तो मागे घ्यायला लावतात. म्हणून डाव्याने लिहिणाऱ्या पण उजव्याने जेवणाऱ्या माणसापुढे दोन कारणे एकमेकांविरुद्ध उभी राहतात: लिहिताना घड्याळ उजव्या मनगटावर बरे, जेवताना डाव्या.

उजव्या हाताचा मान उलट दिशेनेही नेता येतो. काही मुस्लिम कुटुंबांत चांगल्या कामाला उजवीकडून सुरुवात करायची म्हणून घड्याळही उजव्या मनगटावर घालतात. धाराशिवच्या ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या दर्ग्यात हिंदू-मुस्लिम दोघेही येतात, आणि उजवा हात श्रेष्ठ हे दोघांनाही मान्य आहे. फरक एवढाच, की एक जण त्या हाताला घड्याळ देऊन मान देतो आणि दुसरा त्याला कामासाठी मोकळा ठेवून.

माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा मात्र बायकांच्या हाताशी होते. नवरीचे कंकण डाव्या मनगटाला बांधतात, पूजेतला दोराही तिला डाव्याच हाताला. म्हणजे दोऱ्याच्या हिशेबाने तिचे घड्याळ उजव्या हातात जायला हवे, आणि जेवणाच्या हिशेबाने डाव्या. शिवाय तिचे घड्याळ मांडवातून आले नाही. लग्नात तिच्या दोन्ही मनगटांवर हिरवा चुडा होता. घड्याळ आले ते शाळेतल्या शिक्षिकेच्या, दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीबरोबर, बहुतेकदा तिच्या स्वतःच्या पगारातून, आणि त्यासाठी एका हातातल्या बांगड्या कमी कराव्या लागल्या. कोणत्या हातातल्या, हे तिला कुणी यादीत लिहून दिले नव्हते. पुरुषांत दोन्ही कारणे एकाच दिशेला ओढतात, म्हणून त्यांचे घड्याळ जवळपास नेहमी डाव्या हातात दिसते. बायकांत ती उलटसुलट ओढतात, म्हणून एसटीच्या एकाच गाडीत एकीचे घड्याळ डाव्या हातात आणि शेजारणीचे उजव्या हातात दिसते. सगळे नुसत्या चावीमुळे झाले असते, तर हा फरक पडायला नको होता.