आजोळची वाट आणि कायदा

धामापूरचे तळे विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधले. पुढच्या पिढ्यांची शेती त्यावर पिकली. मालवण मुलखात आजा-आजीची मायाही अशीच पुढच्यांसाठी असते. चतुर्थीला, मे महिन्यात नातवंडे गावी यायचीच. त्याला परवानगी लागते, हे पूर्वी कुणाच्या ध्यानीमनीही नसे. परंतु मुलगा-सून विभक्त झाली, किंवा बापलेकांत जमिनीवरून वितुष्ट आले, की पहिली बंद होते ती नातवंडांची वाट. मग म्हातारी माणसे विचारतात, "कायद्यात आमका काय हक्क आसा काय नाय?"

प्रश्न जुना आहे. फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने ८ जुलै १८५७ रोजी आजी-आजोबांचा भेटीचा हक्क मान्य केला. १९७० साली तो कायद्यात आला, आणि २००२ साली शब्द बदलून तो नातवंडाचाच हक्क ठरला. अमेरिकेत पारडे उलटे झुकले. एका आईने मुलींना आजी-आजोबांकडे महिन्यातून एकदाच पाठवण्याची तयारी दाखवली. त्यांना अधिक हवे होते. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो आईच्या बाजूने. सुयोग्य आईबापांच्या निर्णयाला मान दिलाच पाहिजे, असे त्याचे सार.

आपल्याकडे १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञानाचे हित पाहावयास सांगतो. १९५६ च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप व आई यांची नावे आहेत, आजा-आजीचे नाही. भेटीचा स्वतंत्र हक्कही त्यांना कुठल्या कलमाने दिलेला नाही. सारी भिस्त मुलाच्या हितावर. म्हणूनच २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने करोनात पोरका झालेला अहमदाबादचा मुलगा मावशीकडून वृद्ध आजोबा-आजींकडे सोपवला. आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ७४ वर्षांच्या आजीला, तिने जन्मापासून सांभाळलेले पाच वर्षांचे नातवंड आईबापांच्या हवाली करावयास लावले. नुसत्या मायेने आईबापांहून वरचा हक्क मिळत नाही, असे न्यायालय म्हणाले.

मला दोन्ही निकाल पटतात. मुलाला धोका असेल, तर आईबापांनी दार लावलेच पाहिजे. पण ताबा वेगळा आणि भेट वेगळी. सातबाऱ्याच्या भांडणात मुलाची आजी हिरावून घेण्यात कसले आले हित? कोर्टाने तारीख दिली, तरी ती येईपर्यंत मूल मोठे होते आणि आजी म्हातारी. यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी असे दार बंद असेल, त्यांनी वकिलाआधी एकमेकांशी बोलावे.