जर-तरचं लॉजिक: पिन मागितला, मग निष्कर्ष काय?

जुनं कपाट किंवा सायकल ऑनलाइन विकायला टाकली की एक फोन हमखास येतो. “दादा, पैसे पाठवतोय. क्यूआर कोड आलाय ना? स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होतील.” असा फोन आला की एक जर-तरचं वाक्य आठवायचं.

जर यूपीआयवर पैसे घ्यायचे असतील, तर पिन लागत नाही.

इथे तर पिन मागितला जातोय. म्हणजे ‘तर’नंतरचा भाग खोटा ठरला. तो खोटा ठरला की ‘जर’नंतरचा भागही खोटाच. थोडक्यात, हा पैसे मिळण्याचा व्यवहार नाही. समोरचा माणूस किती गोड बोलतोय, आयडी कार्डचा फोटो पाठवतोय का, याचा इथे काही संबंध नाही.

पण निष्कर्ष नेमका किती निघाला तेही बघा. ‘पैसे येणार नाहीत’, एवढाच. ‘पैसे जाणारच’ असं या नियमातून निघत नाही, कारण बॅलन्स बघायलाही पिन लागतो. फोन ठेवायला मात्र पहिला निष्कर्ष पुरेसा आहे.

चार चाली, त्यातल्या दोनच चालतात

तर्कशास्त्रात ‘जर’च्या भागाला पूर्वांग आणि ‘तर’च्या भागाला उत्तरांग म्हणतात. पूर्वांग खरं असेल तर उत्तरांग खरं. ही सरळ चाल, मोडस पोनेन्स. उत्तरांग खोटं असेल तर पूर्वांग खोटं. ही उलटी चाल, मोडस टोलेन्स. वर आपण हीच वापरली. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल.

उरलेल्या दोन चाली बरोबर वाटतात, पण अवैध आहेत. ‘पिन मागितला नाही, म्हणजे पैसे येतायत’ ही एक. ‘मी पैसे घेत नाहीये, म्हणजे पिन लागणारच’ ही दुसरी. दुसरी तर बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं आणि त्यातून छोटी पेमेंट पिनशिवाय जातात. ऑटोपे एकदा मंजूर केलं की ठरावीक मर्यादेपर्यंतचे पुढचे हप्तेही पिन न मागता कटतात. त्यामुळे ‘मी पिन टाकलाच नाही, पैसे कसे जातील?’ असं म्हणून निवांत बसू नका, हिस्टरी उघडून बघा.

ही गफलत का होते? माझ्या मते आपल्या बोलण्यामुळे. आई म्हणते, “अभ्यास केलास तर मोबाईल मिळेल.” तिला म्हणायचं असतं ‘तरच’. आपण लहानपणापासून प्रत्येक ‘तर’ला ‘तरच’ समजत आलो. कोडमध्ये असं चालत नाही. तुम्ही इफ लिहिलं आणि एल्स लिहिलं नाही, तर कंप्युटर एल्स स्वतःच्या मनाने धरत नाही. माणूस धरतो.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये यावर एक कोडं मांडलं. टेबलावर चार कार्डं: ए, के, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम पाळलाय का हे तपासायला कुठली कार्डं उलटायची? खाली वाचण्याआधी ठरवा.

बरेच लोक ए आणि ४ म्हणतात. उत्तर आहे ए आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

नियमच चुकीचा असेल तर?

मग चाल वैध असूनही फसाल. ‘ॲड्रेस बारमध्ये कुलूप दिसलं तर साइट खरी’ हा असाच एक नियम. कुलूप एवढंच सांगायचं की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातली माहिती एनक्रिप्ट होऊन जातेय. फसवी साइटही तसलं सर्टिफिकेट घेऊ शकते, तेही फुकटात. लोक हा अर्थ चुकीचा घेत होते म्हणून क्रोमने २०२३ मध्ये, ११७ व्या व्हर्जनपासून, कुलपाच्या जागी सेटिंगसारखं दिसणारं साधं चिन्ह आणलं.

आता तुमच्या रोजच्या भांडणाचा विषय. व्हॉट्सॲपवर ब्लू टिक आली, तर मेसेज वाचल्याची नोंद झालीय. आली नाही, तर? रीड रिसीट्स बंद असतील किंवा मेसेज नोटिफिकेशनमध्येच वाचला असेल, तर टिक राखाडीच राहते. ‘ब्लू टिक नाही, म्हणजे वाचलाच नाही’ ही पुन्हा तीच अवैध चाल. आणि ब्लू टिक आली तरी त्याच्या अकाउंटवर मेसेज वाचल्याची नोंद झाली, एवढंच कळतं. वाचणारा तोच होता की त्याची बहीण, हे टिक सांगत नाही.